अकरा तासांची सीट

मास्तर माणसाकडे आधी पाठीमागून बघत. त्यात उद्धटपणा नव्हता, धंद्याची सवय होती. एकतीस वर्षं त्यांनी गाड्यांच्या सीटा शिवल्या. गिऱ्हाईक येऊन गेलं की त्याचं नाव, चेहरा, गाडीचा रंग, काही म्हणता काही ध्यानात राहत नसे. पण हा माणूस डाव्या अंगावर भार देऊन बसतो, त्या बाईंची मान अधांतरी राहते, एवढं मात्र पक्कं राही. कोणी फाटलेलं कव्हर घेऊन आलं, की ते कुठे झिजलंय हे बघूनच मास्तर सांगत, मागच्या खिशात पाकीट ठेवून गाडी चालवू नका, कंबर धरेल. माणूस चाट पडे. शेजारच्या गाळ्यातला मेकॅनिक म्हणे, बाकीचे ज्योतिषी तळहात बघतात, आमचे मास्तर जरा खालचं बघतात.

गाळा लांबट आणि अंधारा होता. दाराशी शिलाईचं जड मशीन, त्यामागे फोमचे थर, खडू, कात्र्या, आणि डोकं चढवणारा गोंदाचा वास. तिथे बसून मास्तरांनी हजारो माणसांना नीट बसवलं. स्वतःकडे मात्र एक जुनी स्कूटर, आणि तिचीही सीट मधोमध फाटलेली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पण खरा अंधार घरात होता. गावाला बसवणाऱ्या या माणसाच्या बायकोला बसताच येत नव्हतं.

आठ वर्षांपूर्वी ती माळ्यावरची पेटी काढताना स्टुलावरून पडली आणि मणक्यातली एक चकती सरकली. चालणं जमे, उभं राहणं जमे, झोपणं जमे. बसलं की चाळीसाव्या मिनिटाला कंबरेतून आग निघायची आणि पोटरीपर्यंत उतरायची. म्हणून बसणं ती टाळायचीच, जेवायचीसुद्धा उभ्याने, ओट्यावर ताट ठेवून. मास्तरही तिच्याबरोबर उभ्यानेच जेवायला शिकले. मूलबाळ नव्हतं. दोघं जण ओट्याशी उभी राहून जेवत आणि एकमेकांना हसत, की आपलं घर म्हणजे बारमाही लग्नाचा बुफे.

बायकोला जगात नवऱ्याशिवाय एकच माणूस होतं, तिची थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा ही चार वर्षांची आणि ताई सोळा. ताईने हिला न्हाऊमाखू घातलं, शिकवलं, लग्न करून दिलं, आणि या सगळ्या धांदलीत स्वतःचं लग्न करायचं राहूनच गेलं. डोंगरातल्या एका लहान गावात शाळेत घंटा वाजवायची नोकरी तिने तीस वर्षं केली. मास्तरांना ती जावईबापू म्हणे. धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला असं कोणी म्हणत नाही, पण ताई म्हणे, मुलगी मी वाढवली, म्हणजे जावई माझाच.

बहीण पडली तेव्हा ताई धावत आली आणि दोन महिने राहून तिला उभी करूनच गेली. ती गेली, आणि वर्षाच्या आत तिच्या हृदयाने कुरकुर सुरू केली. डॉक्टरांनी प्रवास बंद केला. आता एक बहीण प्रवास करू शकत नव्हती आणि दुसरी बसू शकत नव्हती, आणि दोघींच्या मध्ये अकरा तासांचा रस्ता होता. त्या बाजूला रेल्वे नाही. बस आहे, पण बसमध्ये बसावं लागतं.

एकदा प्रयत्न झाला होता. मास्तरांनी भाड्याची गाडी ठरवली. बायको घाबरत होती. मास्तर म्हणाले, काही होत नाही, मध्ये मध्ये थांबू. तिसऱ्या तासाला तिने स्वतःच्या बाहीत दात रोवले. रस्त्याच्या कडेला गवतावर चादर टाकून तिला आडवं केलं. बाजूने ट्रक धडधडत जात होते आणि प्रत्येक ट्रकबरोबर तिचं अंग दचकत होतं. दोन तास ती तशी पडून होती. तिच्या उशाशी बसून मास्तर लहान मुलासारखे रडले. तिथून गाडी मागे वळली, आणि ती पुढचे सहा आठवडे अंथरुणात. त्या दिवशी मास्तरांनी मनाशी गाठ बांधली, की आता हिला परक्या सीटवर बसवायचं नाही. गाडी मी निवडणार, सीट मी करणार, आणि ही ताईकडे पोचेल ती एकही कळ न येता.

गाठ प्रेमाने बांधलेली होती यात शंका नाही. पण प्रेमातून आलेला हट्ट फार वाईट. त्याला कोणी रागावूही शकत नाही.

गाडी घेण्याची ऐपत यायला पाच वर्षं गेली. मग सुरू झालं गाडी बघणं, आणि ते एक वर्ष चाललं. दर रविवारी मास्तर आणि मेकॅनिक जुन्या गाड्या बघायला जात. मेकॅनिक पुढचं झाकण उघडून इंजिनात डोकं घाली. मास्तर सरळ मागचं दार उघडून मागच्या सीटवर जाऊन बसत आणि डोळे मिटत. विकणारा माणूस बावचळून जाई. पुढे बसा, चालवून बघा, असं तो म्हणे. मास्तर म्हणत, चालवणारा कुठेही बसतो हो, ज्याला नेलं जातं त्याचं बघायला हवं. लांबच्या प्रवासाची गाडी मागच्या सीटवरून निवडावी, हा त्यांचा सिद्धांत होता, आणि तो चुकीचा नव्हता. दाराची उंची अशी हवी की चढायला नको आणि खाली बुडायलाही नको. मांडीला गुडघ्यापर्यंत आधार हवा. पुढची सीट सरकवली की पाय लांब करता आले पाहिजेत. आणि खड्ड्यातून जाताना गाडीने माणसाला उडवायचं नाही, फक्त सांगायचं, की बाबा, खड्डा होता.

हे शेवटचं बघायला त्यांनी पोतं केलं. जाड कापडाचं, दोन तुकड्यांचं, खालचा भाग आणि वरचा भाग कंबरेत शिवलेला, आत वाळू आणि चिंध्या. वजन बरोबर बायकोइतकं. ते मागच्या सीटवर पट्ट्याने बांधायचं, सीटवर त्याच्याभोवती खडूची रेघ मारायची, गाडी खडबडीत रस्त्यावरून फिरवून आणायची, आणि मग पोतं रेघेपासून किती सरकलं ते बघायचं. मेकॅनिकने पोत्याचं नाव डुप्लिकेट वहिनी ठेवलं. बायकोनेही एकदा पोत्याभोवती फिरून ते नीट पाहिलं आणि म्हणाली, माझ्यापेक्षा हिच्याच बरोबर तुम्ही जास्त हिंडता. सगळे हसले. मास्तरही हसले.

चौतीस गाड्या नापास झाल्या. पस्तिसावी एका निवृत्त भूमापकाची निघाली. लांब पाठीची, राखाडी रंगाची, नऊ वर्षं जुनी, पण कामाचे सगळे कागद तारखेवार फाईलला लावलेले. मेकॅनिक इंजिनातून डोकं वर काढून म्हणाला, मास्तर, या माणसाने गाडीला देवासारखं जपलंय. मास्तर मागे डोळे मिटून बसले होते. पोतं रेघेपासून नखभर सरकलं होतं. गाडी घरी आली.

पुढच्या तीन आठवड्यांत गाडी प्रवासाला तयार झाली. हे मी मुद्दाम सांगतो, कारण नंतर बरंच काही लांबलं, ते गाडीमुळे नाही. इंजिनचा पट्टा जुना होता, बदलला. रेडिएटरचं पाणी, ब्रेकचं तेल, ब्रेकचे पॅड, पुढचे दोन शॉक अब्सॉर्बर, सगळं नवं. टायरवर नक्षी भरपूर होती, पण मेकॅनिकने टायरच्या कडेला कोरलेले चार आकडे दाखवले. कितव्या आठवड्यात, कोणत्या वर्षी बनला ते तिथे लिहिलेलं असतं. म्हणाला, टायर दिसायला तरुण आहे हो, पण रबर म्हातारं झालंय, लांबच्या रस्त्यावर दगा देईल. चारी टायर बदलले, आणि स्टेपनीसुद्धा. चौथ्या आठवड्याच्या सोमवारी मेकॅनिक हात पुसत म्हणाला, आता जगाच्या टोकापर्यंत जा.

मास्तर म्हणाले, सीट राहिलीय.

सीटवर त्यांनी आठ महिने घालवले. मूळ सीटचा एका बाजूचा भाग त्यांनी उपटून काढला आणि तिथे बायकोपुरती जागा करायला घेतली. तिच्या पाठीचा आकार घ्यायला ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या लावल्या. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि म्हणाली, लग्नाला सव्वीस वर्षं झाली, आता माप घेताय. पहिली सीट मऊ झाली, माणूस बुडत होता. दुसरी कडक झाली. तिसरीत कंबरेचा आधार दोन बोटं खाली गेला. प्रत्येक वेळी सगळं उसवायचं, फोम सोलायचा, नवा थर चिकटवायचा, सुकायला ठेवायचा. दुकानातली दुसऱ्यांची कामं रखडली. मास्तरांना त्याचं काही नव्हतं.

सीट तपासायची म्हणून बायको रोज संध्याकाळी दारात उभ्या असलेल्या गाडीत जाऊन बसे. मांडीवर भाजी निवडायची नाहीतर लोकरीचं विणकाम, आणि कानाला फोन. पलीकडे ताई.

"ताई, मी गाडीत बसलेय."

"कुठवर आलीस?"

"दारातच आहे अजून."

रोज हेच, आणि रोज दोघी तेवढ्याच हसत. सुरुवातीला ती पन्नास मिनिटं बसे. चौथ्या महिन्यात दीड तास. सहाव्या महिन्यात तीन तास बसली आणि स्वतःहून उतरली, कारण दूध तापवायचं होतं. मास्तर घड्याळ घेऊन पायरीवर बसलेले असत. त्यांच्या चेहऱ्यावर परीक्षेच्या निकालाला उभ्या असलेल्या मुलासारखा भाव असे.

त्या सुमारास बायको त्यांना म्हणाली, की आता निघू या. ताईचा श्वास फोनवर ऐकू येतोय, वाक्य पुरं व्हायच्या आधी ती थांबते. आहे तशी सीट चांगली आहे, दुखलं तर दुखलं. मास्तर म्हणाले, तीन तास म्हणजे अकरा तास नव्हेत. पुन्हा तुला रस्त्याच्या कडेला झोपवू का? असं म्हणताना त्यांचा आवाज फाटला. त्या गवतावरचा रडणारा नवरा तिच्याही डोळ्यांपुढे उभा राहिला असणार. तिने विषय सोडून दिला. तिने तेव्हा भांडायला हवं होतं असं मला वाटतं, पण आपल्यासाठी झिजणाऱ्या माणसाशी भांडणं सोपं नसतं.

ताई मात्र एकदा बोलली. त्या दिवशी तिने फोन मुद्दाम मास्तरांना द्यायला लावला. थांबत थांबत म्हणाली, "जावईबापू, विहिरीचा काठ किती गुळगुळीत करताय? तहानलेलं माणूस कधीचं उभं आहे."

मास्तर म्हणाले, थोडंच राहिलंय ताई, एकदा लांबवर तपासून बघतो आणि घेऊनच येतो. ताई म्हणाली, बरं. आपण आजारी किती आहोत हे तिने सांगितलं नाही. कोणाला आपल्यापायी धांदल करायला लावणं तिच्या रक्तात नव्हतं.

मग एका शनिवारी मास्तर पहाटे निघाले. बायकोला सांगितलं, फोमच्या कारखान्यात जाऊन येतो. मागे बायकोच्या जागेवर त्यांनी पोतं बांधलं, खडूची रेघ मारली, आणि गाडी ताईच्या रस्त्याला लावली. तोच घाट, तीच वळणं, तेच खड्डे, सगळं खरं हवं होतं. साडेपाच तास गेल्यावर ऐन मध्यावर एक चहाची टपरी लागली. तिथे थांबून ते मागे जाऊन पोत्याशेजारी बसले आणि त्याच्या पाठीमागे हात घालून चाचपत राहिले. चहावाला गंमत बघत होता. आधार अजून जागेवर होता. मग ते वळले आणि आल्या वाटेने परत आले. साडेपाच आणि साडेपाच, अकरा. घराजवळ पोचल्यावर त्यांनी पुन्हा हात घातला. कंबरेचा आधार अर्धं बोट खाली बसला होता.

अर्धं बोट. दुसरा कोणी असता तर त्याने एक टॉवेल घडी करून मागे घातला असता आणि दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन निघाला असता. मास्तरांनी सीट उसवली.

त्यानंतर दोन महिन्यांनी सीट झाली. या वेळी फोममध्ये रबराची पट्टी घातली होती, ती बसणार नव्हती. बायको तिच्यावर सकाळपासून दुपारपर्यंत बसून राहिली आणि उतरल्यावर म्हणाली, पाठ आहे की नाही तेच कळत नाहीये. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या महिन्याचा पहिला रविवार ठरला. ताईला कळवलं. त्या दिवशी ताई फोनवर नुसती हसत होती, बोलायला श्वास पुरत नव्हता.

रविवारच्या आधीच्या मंगळवारी, सकाळी सात वाजता, ताईच्या शेजारणीचा फोन आला. ताई पहाटे गेली होती.

बैल गेला आणि झोपा केला, असं आपण वेंधळ्या माणसाला म्हणतो. मास्तर वेंधळे नव्हते. त्यांनी झोपा बैल असतानाच बांधायला घेतला होता, एकेक खांब रंधा मारून, तासून, तेल लावून. म्हणून तर जास्त वाईट वाटतं.

आठ वाजता ते निघाले. मास्तरांनी सवयीने टायरची हवा बघितली, पाणी बघितलं, तेल बघितलं. बायको मागे येऊन बसली. पाय लांब केले, पट्टा लावला, आणि बाहेर बघत राहिली. गाडी अशी धावली की काय सांगावं. घाटात गरम झाली नाही, वळणावर झुकली नाही, कुठे खुट्ट झालं नाही. मेकॅनिकने केलेलं प्रत्येक काम खरं ठरत होतं.

दर तासाला मास्तर विचारत, दुखतंय का?

ती म्हणे, नाही.

आठ महिने या एका शब्दासाठी त्यांनी बोटं सोलवटून घेतली होती. आता तो शब्द येत होता, आणि तोच त्यांना ऐकवत नव्हता. चौथ्या तासानंतर त्यांनी विचारणं बंद केलं.

साडेपाच तासांनी टपरी आली. मास्तरांना थांबायचं नव्हतं, पण ती म्हणाली, पाणी हवंय. दोघं उतरली. बायको सरळ उतरली, कोणाचा हात न धरता. चहावाल्याने गाडी ओळखली, मग मास्तरांना ओळखलं. माणूस चांगला होता, ओळख दाखवावी म्हणूनच बोलला.

"काका, आज पोतं नाही आणलंत वाटतं?"

मास्तरांनी मान खाली घातली. चहावाला बायकोकडे बघून कौतुकाने सांगायला लागला, की दोनेक महिन्यांपूर्वी काका असेच आले होते, मागे पट्टा लावून पोतं बसवलेलं, त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते, आणि चहा पिऊन आले तसे परत गेले. आम्ही अजून आठवण काढून हसतो.

बायकोने हातातला ग्लास खाली ठेवला.

"इथवर आला होतात?"

"हो."

"इथून घरी जायला किती तास?"

"साडेपाच."

"आणि ताईकडे?"

तिला माहीत होतं, आत्ताच तर तेवढं अंतर मागे टाकून ती आली होती. तिने पुढच्या रस्त्याकडे बघितलं. मग अगदी साध्या आवाजात, दुकानातली वस्तू संपल्याचं सांगावं तशी म्हणाली, "तेव्हा ताई होती."

आणि गाडीत जाऊन बसली.

ताईच्या दारात पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. चार वाजेपर्यंत लोकांनी वाट बघितली होती, मग त्यांचाही इलाज नव्हता. सगळं उरकलं होतं. शेजारणीने कुलूप उघडून दिलं. सोमवारी रात्रीचं सांगितलं, की ताईंना जरा भ्रम झाल्यासारखं झालं होतं, सारखं विचारत होत्या, कुठवर आली ती? मी म्हटलं, निघालीय, येतेय. मग शांत झोपल्या. शेजारणीला वाटलं होतं हे ऐकून बहिणीला बरं वाटेल. बायकोने मान हलवली. मास्तर दाराच्या चौकटीला धरून उभे होते.

खोली एकच, स्वच्छ. खिडकीशी जेवायचं टेबल होतं, पण ते विचित्र उंच दिसत होतं. मास्तरांनी वाकून बघितलं. चारी पायांखाली तीन तीन विटा लावल्या होत्या. एक वीट जरा तिरकी, तिच्याखाली पुठ्ठ्याची घडी. टेबलाला हात लावला की ते डुगडुगत होतं. वर दोन ताटं पालथी घातलेली, शेजारी शेजारी, आणि कुठेही खुर्ची नव्हती.

शेजारीण म्हणाली, गाडी घेतली असा तुमचा फोन आला ना, त्याच दिवशी माझ्या मुलाकडून करून घेतलं त्यांनी. म्हणाल्या, माझी बहीण उभ्याने जेवते, मी पण तिच्याबरोबर उभ्याने जेवणार. अर्ध्या तासात झालं काम.

अर्ध्या तासात. आणि तेव्हापासून ते टेबल तसंच, पायाखाली पुठ्ठा घालून, वाट बघत उभं होतं. मास्तरांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामातली खोट काढली होती. इतकं ओबडधोबड काम त्यांनी बघितलं नव्हतं. ते टेबलाची कड धरून तिथेच खाली बसले आणि त्यांना रडू आवरेना.

बायको उभी होती. ती रडली नाही. अकरा तास बसून आल्यावर ती ताठ उभी होती, आठ वर्षांत कधी नव्हे अशी. तिने कंबरेवर हात ठेवला, जणू तिथे काही शोधत होती. "जरासुद्धा नाही दुखलं, ताई," असं ती त्या पालथ्या ताटांना म्हणाली, आणि मग तिचा आवाज जो फुटला तो शेजारच्या दोन घरांत ऐकू गेला.

तिथे ती पाच दिवस राहिली. टेबलाच्या विटा तिने काढू दिल्या नाहीत. दोन वेळचं त्याच्यावर उभ्याने जेवली. मास्तर समोर उभे राहत, पण घास उतरत नसे. दोघांत भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर मास्तरांना जगणं सोपं गेलं असतं.

परतायच्या सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे टायरची हवा बघितली आणि मागचं दार उघडून धरलं. बायको गाडीला वळसा घालून पुढे गेली, पुढचं दार उघडलं आणि त्यांच्या शेजारच्या सीटवर बसली. ती सीट गाडीबरोबर आलेली, मास्तरांचा हात न लागलेली. मांडीला आधार आखूड, कंबरेशी पोकळ. बायकोच्या पाठीला ती कशी लागेल हे जगात त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

ते म्हणाले, अगं, मागे बस. ती म्हणाली, चला. पुन्हा म्हणाले. तिने पट्टा लावला.

चाळीसाव्या मिनिटाला तिने एकदा जागा बदलली. तासाभराने पुन्हा. दुसऱ्या तासात तिच्या वरच्या ओठावर घाम आला. मास्तरांनी गाडी हळू केली, ती म्हणाली, हळू नका करू. तिसऱ्या तासाला तिने बाही तोंडाशी नेली आणि दात रोवले, त्या दिवशी रोवले होते तसेच. मास्तरांनी रस्त्याच्या कडेला गाडी उभी केली. हात जोडले. मागे चल, म्हणाले, मी पाया पडतो तुझ्या, आडवी हो जरा.

तिने बाही तोंडातून काढली. डोळे पाण्याने भरले होते, पण आवाज शांत होता.

"चालवा. हे मी आधीच सोसायला हवं होतं. तेव्हा सोसलं असतं तर ताई भेटली असती."

मास्तरांनी गाडी सुरू केली. एका हाताची बाही तिने दातांत धरली होती आणि दुसऱ्या हाताने मास्तरांच्या शर्टाची बाही मुठीत घट्ट आवळली होती. प्रत्येक खड्ड्याला ती मूठ आणखी आवळे. राग असता तर तिने ती धरली नसती, हे त्यांना कळत होतं, आणि तेच त्यांना सोसवत नव्हतं. खड्डे चुकवत, एका हाताने डोळे पुसत ते चालवत राहिले. टपरी आली आणि गेली. चहावाल्याने हात केला, ते थांबले नाहीत.

समोरच्या आरशात मागची सीट दिसत होती. गाडी उसळली तरी ती जागची हलत नव्हती, अर्धं बोटसुद्धा नाही. घर येईपर्यंत ती रिकामीच होती.